शेवटच्या डब्यातला वाटाड्या

जानेवारीतला दुसरा रविवार, संध्याकाळची वेळ. ठिकाण आमच्या घराचा व्हरांडा, गुढियारी, रायपूर. जमा रक्कम एकोणीस हजार आठशे रुपये, म्हणजे अकरा जणांचे प्रत्येकी अठराशे. हजर होते निवृत्त मुख्याध्यापक देशकर सर व त्यांच्या सौ., निवृत्त नर्स वासनिकबाई, मी व माझी पत्नी सुनंदा, आणि ज्यांनी पैसे दिले पण मत दिलं नाही असे आणखी चार जण. कुसुमवहिनी मेश्राम सगळ्यांच्या आधी येऊन पंख्याखालची खुर्ची धरून बसल्या होत्या. त्यांचे यजमान मेश्रामभाऊ सगळ्यांच्या नंतर आले आणि दारात, चपलांच्या शेजारी बसले.

"भाऊ, आत या ना," मी म्हणालो.

"नाई जी, बसलो इथं. सारे आत आले का नाई, हे कोनी पाहाव?"

ठराव असा झाला की आमच्या मराठी मंडळाची या वर्षीची सहल विशाखापट्टणमला न्यावी. रात्रीच्या गाडीनं जायचं, दिवसभर बंदराजवळचं जुनं शहर आणि टेकड्या पायी हिंडायच्या, रात्रीच्या गाडीनं परत. वाटाड्या मेश्रामभाऊ. वाटाड्याला काही देऊ नये असं भाऊंचं मत पडलं. फुकटच्या वाटाड्याला प्रश्न विचारता येत नाहीत, असं देशकर सरांचं. म्हणून खर्चात "वाटाड्या, पाचशे एक रुपये" अशी ओळ मी खजिनदार या नात्यानं घातली. या लेखात पुढे जे काही आहे ते त्या ओळीबद्दल आणि ती ओळ ज्यांच्यासाठी घातली त्या माणसाबद्दल आहे.

मालगाडीच्या सगळ्यात शेवटी एक लहानसा डबा असतो. त्यात एक माणूस एकटा बसलेला असतो, हातात एक हिरवी झेंडी आणि एक लाल. तो गार्ड. आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात. "मी मॅनेजर व्हायच्या आधीच रिटायर झालो, बरं झालं," भाऊ म्हणत. "मॅनेजरले पुढं बसा लागते." तेहेतीस वर्षं ते त्या शेवटच्या डब्यात बसले. गाडी कुठे जाते हे इंजिनवाल्यानं पाहायचं. गाडी पूर्ण आहे की नाही, मधे कुठे डबा तुटून राहिला नाही ना, हे गार्डनं पाहायचं. भाऊ निवृत्त झाले, पण ही विभागणी त्यांच्या अंगातून गेली नाही.

ते कुसुमवहिनींबरोबर बाजारात जात, तर बरोबरीनं चालत नसत. वीस-पंचवीस पावलं मागून येत. एकदा भाजीवाल्या बाईनं वहिनींचा हात धरून हळूच सांगितलं, "दीदी, वो बुड्ढा बहुत देर से आपके पीछे-पीछे आ रहा है."

वहिनी वांगी निवडत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "हव, चालीस साल हो गया."

लग्नाला गेले तर भाऊ शेवटच्या पंगतीला बसत, आणि त्यानंतरही सारे पाहुणे निघाल्याशिवाय मांडव सोडत नसत. वासनिकबाईंच्या भाच्याच्या लग्नात मंडपवाल्याची माणसं खुर्च्या गाडीत भरत भरत भाऊंपर्यंत आली आणि थांबली. "चाचा, ये वाली भी ले जानी है."

"ले जाओ," म्हणून भाऊ उठले, पण गाडीच्या मागच्या फळीची कडी नीट लागली की नाही ते ओढून पाहिल्याशिवाय त्यांनी तिला जाऊ दिलं नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे स्कूटर. त्यांचा मुलगा राहुल नवा रायपूरला सरकारी कचेरीत आहे. तो वडिलांना मागे घेऊन निघाला की भाऊ मागे तोंड करून बसत. बाप आणि मुलगा पाठीला पाठ लावून गुढियारीच्या रस्त्यानं जात आहेत हे दृश्य आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळ्यांच्या ओळखीचं होतं. राहुलला मराठी सगळी कळते, पण तो बोलतो हिंदीत. "पापा, सीधे बैठो ना, सब देखते हैं!"

"पाहू दे. मी बी त्याइलेच पाहून राहिलो."

एकदा चौकात शिपायानं अडवलं. "ये कौन सा बैठना है, चाचा?"

भाऊंनी शांतपणे समजावलं, "देखो भैया, ये आगे देख रहा है, मैं पीछे देख रहा हूँ. पूरी गाड़ी कवर है." शिपायानं थोडा विचार केला आणि राहुलचं हेल्मेट तेवढं तपासून सोडून दिलं.

रोज सकाळी फिरायला निघताना भाऊ फाटकापाशी थांबून हात वर करत. वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात दाखवला की मगच निघत. एकदा वहिनींचे दोन्ही हात कणकेत होते. त्यांनी लाटणं दाखवलं. भाऊ घरी परतले आणि विचारू लागले, "काय झालं? काय चुकलं माझं?"

असा हा माणूस वाटाड्या होणार होता. सभा संपल्यावर सगळे गेले. भाऊ अर्थातच मागे राहिले. चपला घालता घालता त्यांनी मला बाजूला घेतलं.

"खजिनदार साहेब, तुमी हिशोबाचे मानूस. तुमाले सांगून ठेवतो. मी विशाखापट्टनम पाह्यलंच नाई."

"म्हणजे? तुम्ही तर तिथल्या गाड्या..."

"टिटलागडपावतर. तिथं माझी ड्यूटी बदले. दुसरा गार्ड डब्यात चढे, मी रनिंग रूममंदी जाऊन झोपो, आन उलटी गाडी पकडून रायपूर. तेहेतीस वर्सं. लोखंड गेलं, तांदूळ गेला, काय काय गेलं बाप्पा. मी आपला टिटलागडले उभा राहून झेंडी दाखवो आन गाडी वळनावर दिसेनाशी होये. पुढं काय होते मले काय मालूम?"

"मग त्या तीन टेकड्या, रंगीत घरं, हे सगळं जे तुम्ही सांगता ते?"

"ते अप्पाराव सांगे." अप्पाराव म्हणजे टिटलागडच्या रनिंग रूममधला त्यांचा तेलुगू जोडीदार, पलीकडच्या टोकाहून येणारा गार्ड. चहाच्या वेळी तो आपल्या शहराचं वर्णन करी आणि भाऊ ऐकत. बंदराच्या तोंडाशी ओळीनं तीन टेकड्या. एकीवर चर्च, एकीवर दर्गा, एकीवर देऊळ. उतारावर निळी, गुलाबी, पिवळी घरं. मधून इतकी अरुंद खाडी की जहाज गल्लीतून चाललंय असं वाटावं. "तो म्हने, टेकडीवरून सारं यार्ड दिसते. वॅगन रिकाम्या होतांनी दिसतात." भाऊंनी दुसरी चप्पल पायात सरकवली. "मले तेवढंच पाहाचं हाय जी. माझी गाडी कुठं जाऊन उभी राहिली ते. बाकी मंडळी काय पाहाचं ते पाहो."

मी कुणाला सांगितलं नाही. हिशेबाशी त्याचा संबंध नव्हता.

निघण्याआधी भाऊंनी गुढियारीतच एक रंगीत तालीम घेतली. गोदामांच्या रस्त्यानं आम्हा अकरा जणांना एकामागे एक चालवलं. नियम तीन. प्रत्येकानं पुढच्याची पाठ नजरेत ठेवायची. थांबल्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी हलायचं नाही. आणि शेवटचा आला, दोन शिट्ट्या झाल्या, की लगेच निघायचं. "उगाच खोळंबा नाई. मागं दुसरी गाडी राहते." शेवटचा माणूस अर्थात ते स्वतः. पुढे कोण चालणार असा प्रश्नच नव्हता. कुसुमवहिनी आधीच निघाल्या होत्या. त्यांना चाळीस वर्षांची सवय होती.

"वाटाड्या मागे?" देशकर सरांनी विचारलं.

"सर, इंजिन कदी डबे मोजते का?" भाऊ म्हणाले. सर रांगेत उभे राहिले. झेंड्या वहिनींनी ब्लाउजपीसच्या शिवून दिल्या होत्या. हिरवीला जरीचा काठ होता.

विशाखापट्टणमला आम्ही सकाळी उतरलो. चहा-इडली झाली आणि जुन्या शहराच्या तोंडाशी भाऊंनी दोन शिट्ट्या दिल्या. वहिनी निघाल्या. त्यांना ना भाषा येत होती ना रस्ता, पण दुकानं ओळखायला भाषा लागत नाही. त्यामुळे आमची ऐतिहासिक पदयात्रा बांगड्यांकडून स्टीलच्या भांड्यांकडे आणि तिथून साड्यांकडे अशी चालली. घरं खरोखरच रंगीत होती. एक जांभळं, त्याला चिकटून पोपटी, वर एक गुलाबी, आणि प्रत्येकाच्या उंबऱ्यापुढे पांढरी रांगोळी. रस्ता हळूहळू चढू लागला होता. रायपूरच्या माणसाला चढ म्हणजे रेल्वेचा पूल. इथे पूल संपतच नव्हता.

वाटाड्या मागे असल्यानं माहितीची व्यवस्था अशी होती: भाऊ शेवटून सांगणार, त्यांच्या पुढच्यानं त्याच्या पुढच्याला सांगायचं, असं करत ते वहिनींपर्यंत जायचं. पण गल्ल्यांमुळे रांग लांबली होती. भाऊंनी एका जुन्या दगडी इमारतीपाशी सांगितलं, "डाव्या हाताले पाहा. इंग्रजाच्या टायमाची. कमान पाहा." हा निरोप दहा तोंडांतून पुढे पोचेपर्यंत इमारत मागे राहिली होती आणि पुढच्या लोकांच्या डाव्या हाताला नगरपालिकेचं शौचालय आलं होतं. दुर्दैवानं त्यालाही कमान होती.

देशकर सर थांबले. चष्मा पुसून त्यांनी कमान खालून वर पाहिली. "बघा. असं काम आता होत नाही."

दारात बसलेल्या माणसानं हात पुढे केला. "पाँच रुपया."

"तिकीट आहे," सर मला म्हणाले. सर, त्यांच्या सौ. आणि आणखी दोघे आत जाणार असल्यानं मी वीस रुपये दिले. ते माझ्या हिशेबात "ऐतिहासिक वास्तू, प्रवेश" म्हणून लागले आणि नंतर मी ते खोडलं नाही, कारण रक्कम बरोबर होती.

सर बऱ्याच वेळानं बाहेर आले. फक्त म्हणाले, "स्वच्छ ठेवलंय."

मागून पुढचा निरोप आला: "उजव्या हाताले राजाचा बाजार." उजव्या हाताला एक माणूस बकरीला अंघोळ घालत होता. या वेळी सर थांबले नाहीत.

पहिल्या टेकडीचा चढ सुरू होण्याआधी वासनिकबाई बांगडीवाल्याकडे गुंतल्या. म्हणून भाऊंनी सगळ्यांना गोळा करायला शिटी दिली. सवयीनं लांबलचक दिली. आणि त्या गल्लीतली सगळी दारं उघडली. प्रत्येक दारातून एक बाई, प्रत्येक बाईच्या हातात दोन बादल्या, एक हिरवी आणि एक निळी. त्या शहरात सकाळी कचरा न्यायला येणारी माणसं शिटी वाजवतात, हे अप्पारावनं कधी सांगितलं नव्हतं.

आम्ही पुढचे दहा जण त्या बायकांसमोरून निघून आलो होतो. मागे भाऊ एकटे. खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, गळ्यात शिटी. पहिल्या बाईनं बादल्या त्यांच्या हातात दिल्या आणि तेलुगूत काहीतरी खडसावलं. बहुधा काल का आला नाहीत असं असावं. भाऊंनी घेतल्या. दुसरीनंही दिल्या.

सुनंदानं मागे वळून पाहिलं आणि मला कोपर मारलं. "अहो, मेश्रामभाऊ कचरा जमा करून राहिले!"

मी ओरडलो, "भाऊ, नाही म्हणा ना!"

"कसं म्हनू? शिटी तं मीच वाजवली!"

खरा कचऱ्याचा गाडा येईपर्यंत ते तिथे चार बादल्या घेऊन उभे राहिले. मग प्रत्येक बादली तिच्या घरी परत गेली पाहिजे म्हणून दारोदार फिरले. दोन चुकल्या, त्या बायकांनी आपसांत बदलून घेतल्या आणि त्यांना ताक पाजलं.

तोपर्यंत आम्ही पहिल्या टेकडीवर चर्चपाशी पोचून बसलो होतो. खाली बंदर, समोर नाकासारखा पुढे आलेला डोंगर, मधून एक भलंमोठं काळं जहाज इतक्या जवळून चाललेलं की वरचा खलाशी दात कोरताना दिसत होता. मी भाऊंची वाट पाहत होतो. ते घामाघूम होऊन शेवटच्या पायरीवर आले. त्यांचा पाय वर पडला आणि वहिनी उठल्या.

"आले शेवटचे. चला."

"वहिनी, जरा थांबा ना," मी म्हणालो.

"त्याइचाच नियम हाय, मी काय करू? शेवटचा आला का निघाचं. थांबली तं अजून बोलतीन, मागं दुसरी गाडी हाय म्हनून."

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांनी एकदा बंदराच्या बाजूला मान केली, पण मधे झाड होतं. रांग उतरायला लागली होती. त्यांनी दोन शिट्ट्या दिल्या आणि आमच्या मागे उतरू लागले.

दुसऱ्या टेकडीवर, दर्ग्याच्या पायऱ्यांवर, वासनिकबाईंच्या गुडघ्यानं काम सोडलं. पुढच्यांनी जावं, त्या खाली बसतील असं ठरत होतं. भाऊंना ते मान्य नव्हतं.

"डबा सोडून गाडी पुढं जात नाई."

"अहो, मी काय डबा आहे?" वासनिकबाई भडकल्या.

"डबा नाई बाई, तुमी पॅसेंजर. डब्याले तं मी ढकललं असतं."

त्यांनी बाईंचा वेग धरला. एक पायरी, विश्रांती. एक पायरी, विश्रांती. दोघं वर पोचले तेव्हा आमचं दर्शन, फोटो आणि शेंगदाणे झाले होते. बाई वर पोचल्या म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग भाऊंचा पाय वर पडला. वहिनी उठल्या.

या वेळी मी त्यांना म्हणालो, "भाऊ, रांगेतून बाहेर या. दोन मिनिटं बघून घ्या. मी राहतो शेवटी."

ते विचारात पडले. मोह झाला होता. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना गाडीतलं लोखंड विकायला सांगतोय. "तुमची ड्यूटी पुढं हाय जी. पैसे तुमच्यापाशी हायेत."

तिसऱ्या टेकडीवर देवळाच्या पायऱ्या होत्या, पण वहिनी पायऱ्यांनी गेल्याच नाहीत. वाटेत त्यांना एका खिडकीत वाळत घातलेली पापडासारखी वस्तू दिसली आणि ती कुठे मिळते हे शोधत त्या घरांमधल्या एका बोळात शिरल्या. आम्ही त्यांच्या मागे. बोळ एका माणसापुरता, दोन्ही बाजूंना भिंती, एक निळी, एक पिवळी, आणि चढ असा की पुढच्याच्या टाचा नाकासमोर. आपण कुठे चाललो आहोत हे कुणालाच माहीत नव्हतं, पण प्रत्येकाला पुढच्याची पाठ दिसत होती. त्यामुळे नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं.

वर वहिनी थांबल्या. बोळ संपला होता. पुढे एक बंद दार.

निरोप खाली निघाला: "रस्ता बंद. मागं फिरा." वळायला जागा नव्हती, प्रत्येकाला जागच्या जागी तोंड फिरवावं लागलं. आणि अशा रीतीनं त्या दिवशी पहिल्यांदा मेश्रामभाऊ सगळ्यांच्या पुढे आले.

ते बोळाच्या खालच्या वळणावर उभे होते. तिथे भिंत संपून कमरेएवढा कठडा होता आणि पलीकडे मोकळं. मी त्यांच्या मागे तिसरा. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि ती हलत नव्हती.

"चला ना भाऊ," मागून देशकर सर म्हणाले. "जेवणाची वेळ टळून राहिली."

भाऊ हलले नाहीत. मान न वळवता म्हणाले, "सिग्नल पाहिजे."

"कसला सिग्नल?"

"मागच्या मानसानं हिरवी दाखवली तं गाडी निघते. आता मागं मी नाई. कोन हाय मागं?"

मागे, म्हणजे वर बंद दारापाशी, कुसुमवहिनी होत्या. भाऊंनी झेंड्या खांद्यावरून मागे दिल्या. हिरवी आणि लाल अशा दहा हातांतून वर सरकत गेल्या. वहिनींनी त्या घेतल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या. स्वतःच शिवलेल्या, पण हातात पहिल्यांदाच आलेल्या.

"विचारा त्याइले," त्यांनी निरोप पाठवला, "काय दिसून राहिलं म्हना."

निरोप खाली गेला. उत्तर भाऊंकडून निघालं आणि माणसामाणसातून वर चढत गेलं. सकाळपासून भाऊंनी पाठवलेल्या निरोपांपैकी योग्य जागी पोचलेला हा एकच.

"वॅगन."

मी मान वळवून वर पाहिलं. वहिनी आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून खाली, भाऊंच्या टोपीकडे बघत होत्या. मग त्यांनी हात उंच केला. हातात लाल झेंडी होती.

"अहो, हिरवी, हिरवी!" देशकर सर ओरडले. "लाल म्हणजे थांबा!"

"मले ठाऊक हाय, सर. चाळीस वर्सं संसार केला गार्डासंगं."

"मग?"

"मग थांबा. गाडीले सिग्नल नाई भेटला."

खाली भाऊंनी वळून लाल झेंडी पाहिली, नियमाप्रमाणे हात वर करून पोच दिली, आणि पुन्हा कठड्याकडे तोंड केलं. आता त्यांना हलता येत नव्हतं. सर घड्याळ दाखवत होते, वासनिकबाई पायरीवर बसून कुणाच्या तरी पिशवीतली केळी वाटत होत्या, सुनंदा माझ्या पाठीवर डोकं टेकून उभी होती. मी वाकून, समोरच्याच्या काखेखालून थोडंसं पाहिलं. खाली रुळच रुळ, लालसर धूळ, उभ्या असलेल्या मालगाडीची लांब ओळ, आणि तिच्या पलीकडे जहाज. भाऊ बोटानं काहीतरी मोजत होते. मग त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवले.

बऱ्याच वेळानं त्यांनी रुमालानं चेहरा पुसला आणि वर पाहून मान हलवली. वहिनींनी लाल खाली केली, जरीच्या काठाची हिरवी वर केली. भाऊंनी दोन शिट्ट्या दिल्या.

आणि वहिनींच्या पाठीमागचं बंद दार उघडून एक बाई दोन बादल्या घेऊन बाहेर आली.

परतीच्या गाडीतही भाऊ सगळ्यांच्या नंतर चढले. टिटलागड आलं तेव्हा उजाडलं होतं. ते उठून दारापाशी गेले, वळणावर फलाट दिसेनासा होईपर्यंत तो पाहत राहिले, आणि येऊन मला म्हणाले, "अप्पारावनं सारं बरोबर सांगितलं होतं. फक्त कचऱ्याचं नाई सांगितलं."

रायपूरला उतरल्यावर मी हिशेब केला. सगळं जुळलं, फक्त वाटाड्याचे पाचशे एक उरले. भाऊ घेईनात. "मी वाट कुठं दाखवली? मी तं मागं होतो." मी वहिनींना देऊ केले. "मी काय वाट दाखवली? मी तं दुकानं पाहून राहिली होती." देशकर सर म्हणाले, ते पैसे शौचालयाच्या वीस रुपयांसकट विसरून जावे. मी विसरत नाही. पाचशे एकचं पाकीट माझ्या कपाटात राहिलं.

दिवाळीनंतर राहुलला नवा रायपूरला क्वार्टर मिळालं आणि मेश्राम कुटुंब गुढियारी सोडून निघालं. मी निरोप द्यायला गेलो. टेम्पोत सामान भरलं होतं. वहिनी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसल्या होत्या आणि त्याला कुठून वळायचं ते सांगत होत्या. भाऊ मागे, उलट्या ठेवलेल्या खाटेवर, सामानाला पाठ लावून आमच्याकडे तोंड करून बसले होते.

"पापा, आगे जगह है!" राहुल स्कूटरवरून म्हणाला.

"हव, तू चाल."

मी म्हणालो, "भाऊ, तिकडे रस्ते फार रुंद आहेत म्हणे. माणूस दिसत नाही."

"बरं हाय ना. मागचं लांबपावतर दिसन."

टेम्पो निघायला लागला. भाऊंनी खिशातून हिरवी काढली, जरीचा काठ झटकून उंच धरली. मी फाटकापाशी उभा होतो. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, म्हणून हात दाखवला. मग आठवलं, आणि खिशात घालून आणलेलं पाकीट घेऊन मी मागून धावलो. पण भाऊंपाशी न थांबता टेम्पोच्या पुढे गेलो आणि ते खिडकीतून आत टाकलं. वहिनींनी उघडून पैसे मोजले आणि पदराला बांधले.

वाटाड्या, पाचशे एक रुपये, रोख. घेणार: सौ. कुसुम मेश्राम. बाकी शून्य.